पुन्हा पुन्हा येणारा ताप आणि मुलांचे सांधे

मुलाला ताप आला म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांचा अनुभव कामी येतो. लंघन, पेज, कपाळावर ओल्या पाण्याची घडी, आणि फारच वाटले तर डॉक्टरांकडे एक खेप. तीन-चार दिवसांत ताप उतरतो आणि घर पुन्हा आपल्या उद्योगाला लागते. बहुतेक ताप असेच येतात आणि असेच जातात. परंतु काही मुलांच्या बाबतीत हा पाहुणा महिन्या-दोन महिन्यांनी परत येतो, आणि येताना गुडघे, घोटे, मनगटे यांचे दुखणे बरोबर आणतो. मग 'हाडे वाढताहेत', 'वात झाला असेल', 'दिवसभर हुंदडतो म्हणून पाय दुखतात' असे म्हणून निर्गुडीचा शेक दिला जातो. दुखणे थांबते, आणि ते मुळातून गेले असा आपला समज होतो.

या समजाची किंमत कधी कधी मुलाला जन्मभर मोजावी लागते. ताप आणि सांधेदुखी ही जोडी बाहेरून एकसारखी दिसली तरी तिची मुळे अगदी भिन्न असतात. त्यांतील काही घशात असतात, तर काही आईबापांकडून आलेल्या रक्तात.

घशातून हृदयाकडे

पहिले मूळ संधिज्वराचे, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटिक फीवर म्हणतात त्याचे. हा प्रामुख्याने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा रोग. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजतो, तो बराही होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजू लागतात. आज गुडघा, परवा घोटा, नंतर कोपर, अशी ही सूज जागा बदलते. घशातील जंतूंशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौज आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जाते. सांधे काही आठवड्यांत पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र राहून जाते. म्हणून अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. मूल हिंडू-फिरू लागले म्हणून ते मध्येच बंद करणे हा मोठा धोका आहे.

दुसरे मूळ बालसंधिवाताचे. लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ साली मुलांतील या रोगाचे सविस्तर वर्णन केले. सांध्याची सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकते, सकाळी उठताना सांधे आखडलेले असतात, आणि दिवस वर येतो तसे ते मोकळे होतात. यात डोळ्यांच्या आतही दाह होऊ शकतो, आणि तो दुखत नसल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अशा मुलाचे डोळे ठरावीक मुदतीने तपासून घ्यावे लागतात.

कुळातून येणारे ताप

तिसरे मूळ आनुवंशिक तापांचे. भूमध्य समुद्राभोवतीच्या ज्यू, आर्मेनियन, तुर्की आणि अरब कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक ताप आढळतो. तो एक ते तीन दिवस राहतो, पोट, छाती किंवा सांधे विलक्षण दुखतात, आणि मग मूल असे खडखडीत बरे होते की आजारी होते यावर विश्वास बसू नये. जंतू कोठेच सापडत नाही. घरात चोर नसताना पहारेकऱ्याने आरोळी ठोकावी, तसा हा प्रकार. त्याला कारणीभूत असलेले जनुक १९९७ साली संशोधकांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. त्याआधीच, १९७२ साली, अमेरिकेतील डॉ. गोल्डफिंगर यांनी कोल्चिसीन हे गाउटवरील जुने औषध या तापाचे झटके थोपविते असे दाखविले होते. आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही हेच द्रव्य असते. परंतु तो कंद प्राणघातक विषारी आहे, घरगुती प्रयोगाची ती वस्तू नव्हे.

हा भूमध्यसागरी ताप भारतात क्वचितच आढळतो. मात्र आनुवंशिक, वारंवार उलटणारा आणि हाडासांध्यांना छळणारा एक रोग आपल्या माळव्याच्या दक्षिण अंगाला घरोघरी आहे. त्याचे नाव सिकलसेल.

धारच्या दारातील रोग

धार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. कुक्षी, मनावर, गंधवानी या भागांतील भिल्ल आणि भिलाला कुटुंबांत हा रोग आहे. याचे कारण एका सूक्ष्म बदलात आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक घटक बदलतो, आणि तेवढ्याने गोल, लवचीक तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हाडे असह्य ठणकतात, तान्ह्या मुलांचे हातपाय सुजतात, ताप येतो, डोळे पिवळसर दिसतात. रक्तक्षयामुळे हृदयाच्या ठोक्यांत आगंतुक आवाजही ऐकू येतो. ताप, सांधे आणि हृदय ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यामुळे अशा मुलावर संधिज्वराचा शिक्का बसू शकतो आणि रक्ताची खरी तपासणी राहून जाते.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीत नोंदला गेला. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हा हा केवळ आदिवासींचा आजार, आपला त्याच्याशी संबंध काय, असे मानून चालणार नाही. विदर्भात अनेक बिगर-आदिवासी समाजांतही तो आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक नागपूर, अमरावती, चंद्रपूरकडे होते.

उपायांच्या बाबतीतही नागपूरचे ऋण मोठे आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली दाखवून दिले की, हायड्रॉक्सियुरिया या औषधाची अल्प व ठरावीक मात्रा दिल्यास तीव्र आजार असलेल्या मुलांचे दुखण्याचे झटके लक्षणीय प्रमाणात कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. रोग २०४७ पर्यंत हटविण्याचा त्याचा संकल्प आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातील भैंसोला येथे मध्य प्रदेशातील एक कोटीवे तपासणी कार्ड पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आले.

पत्रिकेबरोबर एक कागद

हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडते. एकाकडून आल्यास ते केवळ वाहक असते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा आजारी नातवाचा दोष सुनेच्या माथी मारणाऱ्या घरांनी हे ध्यानी घ्यावे की, त्यात मुलाचाही अर्धा वाटा आहे. विवाहापूर्वी रक्ताची तपासणी करावी. ती स्थळ मोडण्यासाठी करावयाची नाही. दोघेही वाहक निघाल्यास तज्ज्ञांचा सल्ला वेळीच मिळावा, एवढाच तिचा हेतू.

धार-देवासच्या पवार संस्थानांच्या काळापासून येथे वसलेल्या आपल्या समाजात शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांना एक विनंती. वर्गात वारंवार गैरहजर राहणारे, थंडीत कण्हणारे, चटकन थकणारे मूल आळशी आहे असे ठरविण्यापूर्वी त्याचे रक्त तपासले आहे का, हे विचारावे. अशा मुलाला पाणी भरपूर लागते. थंडी, तहान आणि अतिश्रम त्याला बाधतात. ताप आला तर त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्यावे. रोगाने प्लीहा निकामी झालेल्या मुलाच्या अंगात जंतू फार वेगाने पसरतात.

आणि घरच्या मातांनी एक साधी वही करावी. ताप कोणत्या तारखेला आला, किती चढला, किती दिवस राहिला, कोणता सांधा सुजला, आधी घसा दुखला होता का, अंगावर पुरळ होते का, माहेर-सासरच्या कुळात असे कोणाला होते का, हे सारे त्यात लिहावे. वहीची चार पाने भरली की तापाची चाल आपोआप दिसू लागते. इंदूरच्या मोठ्या रुग्णालयात गर्दीच्या वेळी डॉक्टरांच्या वाट्याला दहा मिनिटे येतात. त्या दहा मिनिटांत ही वही सहा महिन्यांचा इतिहास त्यांच्यापुढे मांडील.