पहिल्या सिनेमामागची बाई

संध्याकाळच्या धारा काढून झाल्या असतील, चुलीवर भाकरीचा तवा असेल. हात चालू द्या, कान इकडे ठेवा. मागच्या खेपेला आपण कर्जाच्या हप्त्यांचं बोललो होतो. आज सिनेमाचं बोलायचं आहे. पण हिशोब काही सुटायचा नाही, कारण ही गोष्टही भांडवलाचीच आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला गेला. आपल्या माणसानं, आपल्या मातीत काढलेला हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. तो काढला दादासाहेब फाळक्यांनी, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्यांच्या नावानं सरकार १९६९ सालापासून सिनेमातला सगळ्यात मोठा पुरस्कार देतं. आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं, “दादासाहेबांच्या बायकोचं नाव कुणाला माहीत आहे का?” तर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

नाव सरस्वतीबाई. माहेरच्या त्या करंदीकर. दादासाहेब मूळचे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. त्यांची पहिली बायको प्लेगात गेली, त्यानंतर १९०२ साली हे दुसरं लग्न झालं. दादासाहेबांनी फोटोग्राफी केली, छापखाना केला. छापखान्यात भागीदारांशी बिनसलं आणि ते बाहेर पडले. मग १९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक परदेशी सिनेमा पाहिला. पडद्यावर येशू चालताना पाहून त्यांच्या मनात आलं, की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील? झालं. दुसरं काही सुचेना. रोज सिनेमे बघायचे, रात्र रात्र प्रयोग करायचे. घरातलं सामान विकायची वेळ आली. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. लोक म्हणायचे, याचं डोकं फिरलंय.

आता अशा माणसाच्या बायकोची जागा आपण कुणीही डोळ्यांपुढे आणू शकतो. घरात लहान मुलं, कमाई बंद, आणि नवरा म्हणतो मला विलायतेला जायचं आहे. दादासाहेबांनी १२ हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून १० हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मची आणि फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला परत आले. पुढच्या खर्चासाठी सावकाराला काहीतरी करून दाखवायला हवं होतं. म्हणून कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढताना दिसला. तो पाहून पैसे देणारे तयार झाले. तरी कमी पडलं, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने गहाण ठेवायला दिले.

दागिन्यांची गोष्ट कधीमधी कुणी सांगतं. त्यांच्या कामाची फार थोडी सांगितली जाते, आणि आमच्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

त्या वेळी फिल्म कोरी यायची, काठाला भोकं नसलेली. शिलाई मशीनवर बसणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. सुईखाली जे दाते असतात ते कापड थोडं थोडं पुढे सरकवतात म्हणून टाका सारखा पडतो. तसंच कॅमेऱ्यातले दाते फिल्मच्या काठाच्या भोकांत अडकून ती एकेक चित्र पुढे ओढतात. भोक जरा इकडेतिकडे पडलं की पडद्यावर चित्र उड्या मारतं. आणि फिल्मला उजेड लागला की ती वाया जाते, म्हणून हे सगळं अंधाऱ्या खोलीत, हाताच्या अंदाजानं करायचं. दादासाहेबांनी हे काम सरस्वतीबाईंना शिकवलं आणि दिवसभराचं घरकाम उरकून त्या रात्री ही भोकं पाडत बसायच्या.

किती भोकं? आम्ही बैठकीत फळ्यावर मांडून पाहिलं. एका चित्राला एका बाजूनं चार भोकं, दोन्ही बाजूंची आठ. एक फूट फिल्ममध्ये सोळा चित्रं, म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा होता. गुणाकार केला तर चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे! आणि हा हिशोब नुसत्या तयार सिनेमाच्या लांबीचा. कॅमेऱ्यात घालायची फिल्म वेगळी, पडद्यावर दाखवायची वेगळी, बिघडलेली वेगळी. फळ्यावरचा आकडा पाहून एक आजी म्हणाल्या, “एवढे टाके तर मी जन्मात घातले नसतील.”

फिल्म धुणं, रसायनं कालवणं हेही त्या शिकल्या. चित्रण चालू असताना ऊन नटांच्या तोंडावर परतवायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, त्यांचे कपडे. सिनेमाचं काम हलकं समजलं जायचं म्हणून दादासाहेबांनी मंडळींना सांगून ठेवलं होतं, की कुणी विचारलं तर म्हणा, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. (परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या सिनेमाचं नाव त्यावरूनच आलं. तो मिळाला तर गटात जरूर बघा. हसून हसून पोट दुखतं.) फॅक्टरी म्हणजे काय, तर दादरचा एक बंगला. त्या फॅक्टरीची मेस, धुलाई विभाग आणि निम्मी प्रयोगशाळा एकटी बाई चालवत होती.

एक गोष्ट मात्र दादासाहेबांच्या बाजूनं सांगायलाच हवी. ११० वर्षांहून जास्त काळापूर्वी त्यांनी बायकोला यंत्र शिकवलं, तिच्या हातात सिनेमाची नाडी दिली. आपल्याकडे अजून बाईच्या हातात ट्रॅक्टरची चावी द्यायला घरात दोन दिवस चर्चा होते.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना. जाहिरात दिली, नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकांनाही विचारलं, त्याही नको म्हणाल्या. दादासाहेबांनी सरस्वतीबाईंनाही विचारलं होतं असं सांगतात, आणि त्यांनी उलट विचारलं, की मी उभी राहिले तर बाकीची कामं कोण करील? शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला आचारी अण्णा साळुंके सापडला. तिथे त्याला महिना १० रुपये मिळायचे, दादासाहेबांनी १५ देऊ केले. आपल्या पहिल्या सिनेमाची पहिली नायिका ती. पडद्यावर बाया आल्या त्या फाळक्यांच्या पुढच्याच सिनेमात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. कमला तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. याच कमलाबाई म्हणजे आपल्या विक्रम गोखल्यांच्या आजी.

आता काष्टीचं बोलू. आपल्या बाजारात जनावर घ्यायला लांब लांबून माणसं येतात. आपल्याही दावणीची निम्मी जनावरं तिथूनच आलेली. गाय घेताना पैसे कमी पडले की काय होतं? बोरमाळ नाहीतर पोत सोनाराकडे जाते, किंवा आपल्या गटाचं कर्ज उचललं जातं. गाय दारात आली की वैरण, शेण, धारा बाईकडे. आणि दुधाचा दहा दिवसांचा पगार? तो डेअरीत ज्याच्या नावाचं खातं, त्याच्या हातात. आम्ही आमच्या गटांच्या वह्या काढून घरोघर विचारलं. गाईसाठी कर्ज उचललेल्या बहुतेक घरांत कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या नावावर आणि दुधाचं खातं मालकांच्या नावावर होतं.

त्यावर बैठकीत चांगलंच वाजलं. एक मैत्रीण म्हणाली, “घरासाठी दिलं, त्याची कसली नोंद? सरस्वतीबाईंनी काय पावती घेतली होती?” दुसरी म्हणाली, “म्हणूनच तर तुला आज तिचं नाव माहीत नव्हतं.” पहिलीचं म्हणणं आम्हाला खोटं वाटत नाही. संसारात सगळंच तराजूत घालता येत नाही. पण एवढं माहीत असू द्या, की लग्नात आणि माहेराहून बाईला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन, त्यावर मालकी तिची. नवऱ्यानं अडचणीत ते वापरलं तर परत करायची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली हे पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं आहे.

आणि नोंद ठेवल्यानं मान जात नाही, याचंही उदाहरण सिनेमातच आहे, तेही दुधाच्या धंद्यातलं. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी ‘मंथन’ काढला. गुजरातच्या दूध संस्थांची गोष्ट. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची आणि गावातल्या बिंदूचं काम आपल्या स्मिता पाटलांचं. खर्च होता १० लाख रुपये. डॉ. वर्गीस कुरियन यांनी सुचवलं, की दूध घालणाऱ्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये द्यावेत. दुधाच्या पैशातून ते दोन रुपये वळते केले गेले. सिनेमा सुरू होताना पडद्यावर पैसे घालणाऱ्यांचं नाव येतं: गुजरातचे पाच लाख शेतकरी. मग आपला सिनेमा बघायला माणसं ट्रक भरभरून आली. दोन रुपयेवाल्याचंही नाव पडद्यावर लागलं!

स्मिता पाटलांचा त्या चित्रणातला एक किस्सा सांगतात. त्या गावच्या बायकांत त्यांच्यासारख्याच बसल्या होत्या. चित्रण बघायला आलेली पोरं विचारत होती, हिरोईन कुठे आहे? समोर बसली होती ती कुणाला ओळखू आली नाही.

बैठकीत असं ठरलं. गटाच्या कर्ज अर्जात आम्ही एक रकाना वाढवला आहे: या कामात बाईनं घरातून काय घातलं. त्यात रोख, सोनं आणि रोजचे कामाचे तास लिहायचे. सोनं लिहिताना वजन लिहा, सोनाराची पावती असेल तर तिची झेरॉक्स जोडा. ज्या गाईचं कर्ज आपल्या नावावर आहे, तिच्या दुधाचं खातं आपल्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायला डेअरीत अर्ज द्या. आधार कार्ड आणि बँक पासबुक सोबत न्या. घरी आधी बोला, भांडून नको. तीन घरांत हे झालं आहे. एका घरात मालक म्हणाले, बघू. त्यांच्या घरी पुढच्या आठवड्यात आम्ही चहाला जाणार आहोत, आणि जाताना तो फळ्यावरचा गुणाकार कागदावर उतरवून नेणार आहोत.