विजेच्या कुलुपाची निवड

जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजाला एक लहानशी दिंडी असे. रात्रीं मोठा दरवाजा लागला कीं जाणेंयेणें त्या दिंडींतून चाले, आणि देवडीवरचा पहारेकरी येणाराचें तोंड पाहून ती उघडी. दरवाजाच्या आंतल्या अंगास भिंतींत सरकणारा लाकडी अडसर असे. बाहेरच्या चोराला तो हलवितां येत नसे. पण आंतल्या माणसाला तो काढावयास ना किल्ली लागे, ना कोणाची परवानगी. बाहेरच्यास अडविणें आणि आंतल्यास न अडविणें हीं दरवाजाचीं दोन कामें. तो साधा ओंडका तीं दोन्ही बिनबोभाट पार पाडी. आजच्या कचेरीच्या दारावर जें विजेचें कुलूप बसवितात तें पहिलें काम फार सफाईनें करतें. दुसऱ्याविषयीं मात्र विकत घेणारा बहुधा चौकशीच करीत नाहीं.

या कुलुपाची रचना मुळांत अवघड नाहीं. दाराबाहेर भिंतीवर एक रीडर असतो. त्यापुढें कार्ड धरलें अगर बोट ठेवलें म्हणजे तो एक आंकडा वाचतो आणि तारेवाटे कंट्रोलरकडे पाठवितो. कंट्रोलर हा या व्यवस्थेंतला कारभारी. तो आंकडा आपल्या यादींत आहे कीं नाहीं, असल्यास या दारानें या वेळीं जाण्याची त्यास मुभा आहे कीं नाहीं, हें पाहून तो कुलुपाची वीज सोडतो किंवा तोडतो आणि झाल्या गोष्टीची वेळेसह नोंद ठेवतो. कार्डांत बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतूनच त्यास क्षणभर बोलण्यापुरती शक्ति मिळते. चार्लस वॉल्टन या अमेरिकन संशोधकाला अशा तऱ्हेनें किल्लीवांचून दार उघडण्याच्या युक्तीचें पेटंट १९७३ सालीं मिळालें. युक्ति सोयीची खरीच. चाळीस माणसांच्या कचेरींत एक किल्ली हरवली तर कुलूप बदलून चाळीस नव्या किल्ल्या वाटाव्या लागतात. कार्ड हरवलें तर यादींतला एक आंकडा खोडला कीं काम झालें.

कंट्रोलर वीज ‘सोडतो किंवा तोडतो’ असें वर म्हटलें. निवडीची खरी मेख या दोन शब्दांत आहे. कुलुपें दोन जातींचीं. एका जातींत वीज चालू असेपर्यंत दार बंद राहतें आणि वीज गेली कीं उघडतें. चौकटीवर बसविलेलें विद्युच्चुंबक, ज्यास बाजारांत मॅग्नेटिक लॉक म्हणतात, तें या जातीचें. त्यांतलें लहानसें कुलूपही सुमारें २७० किलोंची ओढ धरून ठेवतें. दुसऱ्या जातींत वीज गेल्यावरही दार बाहेरून बंदच राहतें. दाराची जीभ चौकटीच्या ज्या खोबणींत अडकते ती खोबणीच विजेनें सैल करण्याची योजना असते, तिला इलेक्ट्रिक स्ट्राइक म्हणतात. ती बहुधा या दुसऱ्या रीतीनें वापरतात. पहिल्या जातींत दिवे गेले तर कचेरी उघडी पडेल, आणि दुसरींत माणसें कोंडलीं जातील, अशी भीति ऐकणारास सहज वाटते. पैकीं दुसरी भीति खरी ठरते कीं नाहीं, हें कुलुपावर नव्हे तर आंतल्या मुठीवर अवलंबून असतें.

दार आंतून न उघडल्यास काय होतें, याचा दाखला विजेच्या कुलुपांहून कितीतरी जुना आहे. न्यूयॉर्क शहरांत ॲश नांवाच्या इमारतीच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा कपडे शिवण्याचा कारखाना होता. २५ मार्च १९११ रोजीं, दिवसाचें काम संपण्याच्या सुमारास, तेथें आग लागली आणि १४६ माणसें मेलीं; त्यांत बहुतेक परदेशांतून आलेल्या तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावर जिन्याकडे जाणारें एक दार कुलूप लावून बंद होतें. कामकरणींनीं दुसऱ्या एकाच दारानें बाहेर पडावें आणि तेथें त्यांच्या पिशव्या तपासतां याव्या, हा त्या कुलुपाचा हेतु. चार कपडे चोरीस जाऊं नयेत एवढ्यासाठीं तें दार बंद होतें. पुढें मालकांवर खटला झाला. त्या वेळीं दार बंद असल्याचें त्यांना ठाऊक होतें हें सिद्ध न झाल्यामुळें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते सुटले. कोणाचें दार केव्हां कुलुपांत असतें हें मालकाला ठाऊक नसणें ही सबब तेथें चालली. ज्या कचेरींत प्रत्येक दाराची नोंद मिनिटागणिक होते तेथें ती चालणार नाहीं, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

हिंदुस्थानांतील १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याच्या मूळ ३८ व्या कलमांत, खोलींत माणूस असेतोंवर बाहेर पडण्याचें दार आंतून सहज व तात्काळ उघडतां येणार नाहीं अशा रीतीनें बंद करूं नये, असें सांगितलें होतें. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंतही बाहेर पडण्याचें दार आंतल्या बाजूनें किल्लीशिवाय उघडलें पाहिजे असा दंडक आहे. कार्ड ही किल्लीच होय. म्हणून बाहेर जातांनाही कार्ड दाखवावें लागेल अशी व्यवस्था हजेरीच्या मोहानें कोणी मागितली, तर कार्ड नसतांही दार उघडण्याचा मार्ग आधीं ठरवावा आणि मग हजेरीचें बोलावें.

हा मार्ग साध्या लाकडी वा लोखंडी दारास सोपा आहे. इलेक्ट्रिक स्ट्राइक बसवावी आणि आंतून दाबली कीं जीभ मागें ओढणारी मूठ ठेवावी. मुठीचा विजेशीं कांहीं संबंध नसतो; दिवे जावोत, कंट्रोलर बिघडो, अंधारांत चांचपडणाऱ्या हातानेंही दार उघडतें, आणि बाहेरच्यास मात्र तें बंदच असतें. वाड्याच्या अडसराच्या सर्वांत जवळची हीच योजना, आणि जेथें शक्य असेल तेथें हिचीच निवड करावी. अडचण येते ती चौकट नसलेल्या कांचेच्या दारांची. तेथें खोबणी बसवावयास जागा नसते, म्हणून चुंबकाकडे वळावें लागतें. शहरांतील कचेऱ्यांत चुंबकाचीं कुलुपें इतकीं दिसतात त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच कीं सजावट करणारानें दार आधीं निवडलें आणि कुलुपाला बोलण्याची संधीच राहिली नाहीं.

चुंबकाचें कुलूप घेतलेंच, तर विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: बाहेर पडण्याच्या बटणाची तार कोठें जाते? कित्येक ठिकाणीं ती फक्त कंट्रोलरकडे नेलेली असते. बटण दाबणें म्हणजे तेथें कारभाऱ्याकडे अर्ज करणें. कारभारी शुद्धीवर नसला तर अर्ज कोण वाचणार? म्हणून दाराशेजारीं हिरव्या रंगाची संकटकालीन पेटी असते, तिनें कुलुपाची वीज थेट तोडली पाहिजे, मध्यें कोणताही संगणक न घेतां. आगीच्या घंटेची तारही अशीच थेट जोडलेली असावी, म्हणजे घंटा वाजतांच दारें आपोआप सुटतात.

वीज गेल्यावर चुंबक सुटूं नये म्हणून बॅटरी ठेवतात. बहुधा ती १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची असते. लहान चुंबक अर्धा अँपिअर खातें. रीडर व कंट्रोलर मिळून पाव अँपिअर धरला तर कागदावर नऊ तास निघतात. प्रत्यक्षांत बॅटरी तळापर्यंत उपसतां येत नाहीं, आणि आपल्या उन्हाळ्यांत दोनतीन वर्षांनीं तिची धारणा बरीच ओसरते. त्यामुळें शनिवारीं रात्रीं गेलेली वीज सोमवारीं सकाळीं आली, तर मधल्या काळांत दार उघडेंच होतें असें समजावें. जेथें रोकड अगर दप्तर असतें त्या खोलीला एकट्या चुंबकावर सोडूं नये तें यासाठींच.

आतां बाहेरच्या बाजूकडे. कार्डांत कार्डें असतात, आणि दिसावयास सारीं सारखींच. सर्वांत स्वस्त कार्ड सेकंदास सव्वा लक्ष आंदोलनांच्या लहरींवर चालतें. रीडर जवळ आला कीं तें आपला आंकडा मोठ्यानें सांगतें. विचारणारा रीडर आपला कीं परका हें तें पाहत नाहीं. बाजारांत सहज मिळणाऱ्या यंत्रानें त्याची नक्कल क्षणांत होते, तीही चहाच्या दुकानांत शेजारीं बसलेल्या माणसाच्या खिशांतून. दुसरी जात संकेतानें बोलणाऱ्या कार्डांची. पण संकेतही जुने होतात. मायफेअर क्लासिक हें जगभर पसरलेलें कार्ड ४८ अंशांच्या गुप्त किल्लीवर चाले. १९०७ मध्यें नव्हे, अगदीं अलीकडे २००७ च्या डिसेंबरांत, बर्लिनच्या एका परिषदेंत दोन संशोधकांनीं त्याची चकती घांसून, सूक्ष्मदर्शकाखालीं तिची जोडणी वाचून, गुप्त पद्धतीचा उलगडा केला. पुढच्या वर्षीं नेदरलंड्समधील नायमेगेन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं कार्डाची नक्कल करून दाखविली. चकती बनविणारी एनएक्सपी कंपनी निबंधाची प्रसिद्धि थांबविण्यासाठीं न्यायालयांत गेली; १८ जुलै २००८ रोजीं आर्नेमच्या न्यायालयानें ती मागणी फेटाळली, आणि निबंध प्रसिद्ध झाला. पद्धत लपविली म्हणजे कुलूप मजबूत झालें, हा समज त्या दिवशीं निकालांत निघाला. पद्धत सर्वांस ठाऊक, पण किल्ली १२८ अंशांची, अशीं कार्डें त्यानंतर रूढ झालीं. आज घ्यावयाचीं तीं तींच.

येथें एक फसगत होते. कार्ड चांगलें घेतात, पण रीडर त्याचा फक्त वरवरचा उघडा क्रमांक वाचणारा बसवितात. तिजोरी घेऊन ती न लावण्यासारखाच हा प्रकार. कार्डांतील गुप्त भाग वाचला जातो काय, आणि त्याच्या किल्ल्या विक्रेत्याच्या हातीं राहणार कीं कचेरीच्या, हें करारांत लिहून घ्यावें. नाहींतर पुढें प्रत्येक नव्या कार्डासाठीं त्याच दुकानाची पायरी चढावी लागते.

बोटाचा ठसा हरवत नाहीं, म्हणून त्याकडे कित्येकांचा ओढा असतो. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत कलकत्त्यास आकारास आली आणि १८९७ मध्यें तेथें ठशांची कचेरीही निघाली, हें खरें. पण ती गुन्हेगार ओळखण्यासाठीं होती, रोज सकाळीं घाईनें आंत शिरणाऱ्यांसाठीं नव्हे. चुना, सिमेंट, साबण यांत राबणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांस ओळखत नाहीं. ज्यांच्या कष्टावर कारखाना चालतो तेच दाराशीं तिष्ठत राहतात. शिवाय जपानांत मात्सुमोतो यांनीं २००२ सालीं जिलेटिनच्या नकली बोटानें अनेक यंत्रें फसविलीं. कार्डाची नक्कल झाली तर कार्ड बदलतां येतें. बोट बदलतां येत नाहीं. ठसे व चेहरे सांठविणाऱ्या मालकावर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें जबाबदारी टाकली आहे, तीही हिशेबांत धरावी.

कंट्रोलर कोठें बसवितात हेंही पाहावें. स्वस्त मालांत रीडर आणि कंट्रोलर एकाच डबींत, दाराबाहेर असतात. चार स्क्रू काढून आंतल्या दोन तारा जुळविल्या कीं यादी, कार्ड, संकेत सारें बाजूस राहून दार उघडतें. कंट्रोलर आंत, कुलुपबंद पेटींत असावा, आणि त्याची यादी त्याच्याजवळच असावी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक कंपनीचें जाळें कांहीं तास बंद पडलें, तेव्हां तिच्याच नोकरांचीं कार्डें दारांवर चालेनाशीं झाल्याच्या बातम्या आल्या. दूरच्या संगणकास विचारल्यावांचून जें दार उघडत नाहीं तें दार जाळ्याबरोबरच आजारी पडतें.

बाकी, पुढच्याच्या पाठोपाठ दार धरून शिरणाऱ्यास कोणतेंही कुलूप अडवीत नाहीं. तें काम दार आपसूक लावणाऱ्या झडपेचें आणि जागरूक माणसाचें आहे. नोकरी सोडलेल्याचें नांव त्याच संध्याकाळीं यादींतून काढण्याचें काम कोणाकडे, हें नांवानिशीं ठरलेलें असावें.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं, कचेरी भरलेली असतांना, मुख्य बटण बंद करून बॅटरीही सोडवावी आणि प्रत्येक दाराशीं कार्ड न घेतां एक माणूस आंतून पाठवावा. कोणतें दार उघडलें, कोणतें नाहीं, हें कागदावर मांडून विक्रेत्याची सही घ्यावी. मग बाहेरून पाहावें. जीं दारें बाहेरून बंद राहतात त्यांस एक लोखंडी किल्ली असतेच. ती कोणाच्या जुडग्यांत आहे आणि तो माणूस रात्रीं किती दूर राहतो, हेंही त्याच कागदावर लिहून ठेवावें.