कोठ्यातले इंजिन भंगारात देण्याआधी

हरभरा फुलावर होता. धामणगाव रेल्वेहून वर्धा नदीकडे जाताना लागणाऱ्या एका गावी मी शिवारफेरीला गेलो होतो. फेरी आटोपून एका घरी चहाला थांबलो. कोठ्याच्या कोपऱ्यात, कुटाराच्या ढिगाला लागून, पाच अश्वशक्तीचे एक जुने डिझेल इंजिन उभे होते. त्याच्या टाकीवर कोंबड्या बसत होत्या आणि धुराड्यात चिमणीने घरटे केले होते.

"साहेब, भंगारवाला उद्या येऊन राह्यला," घरधनी म्हणाले. "वजनावर देऊन टाकतो. बाबानं घेतलं होतं. आता मोटर आहे, हँडल कोन मारते?"

आतून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मोटर आहे, पण लाइन रातची. परवा रातभर बांधावर बसले अन् पहाटे फ्यूज गेला. हरभरा तसाच राह्यला."

बंधू-भगिनींनो, खरा प्रश्न त्या माउलीने सांगितला. कोरडवाहू पिकाला एक पाणी वेळेवर मिळाले तर घाटे भरतात. तेच पाणी आठ दिवस उशिरा मिळाले तर नुसते कुटार हाती येते. ते इंजिन भंगारात गेले नाही. तीन आठवडे खपून बाप-लेकांनी ते चालू केले. ते कसे केले, हे आज तुम्हाला सांगतो, कारण अशी इंजिने आपल्या भागात पुष्कळ कोठ्यांत पडून आहेत. शेवटी एक इशाराही देणार आहे. बाकी काही विसरलात तरी चालेल, तेवढा विसरू नका.

आधी हिशेब

पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १ लिटर डिझेल घेते. पाण्याची एकूण उचल १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट, आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर सेकंदाला १२ लिटरच्या आसपास पाणी पडते. एका एकरावर ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर २ लाख लिटर लागते. म्हणजे पावणेपाच तास आणि सुमारे ५ लिटर डिझेल. हरभऱ्याला हलके पाणी पुरते. भारी काळ्या जमिनीत जास्त दिले तर पीक उभळते.

आजच्या भावाने डिझेलचा खर्च काढा आणि एका पाण्याने वाढणारे उत्पन्न त्याच्याशेजारी लिहा. बारमाही ओलितासाठी डिझेल परवडत नाही. त्यासाठी वीज किंवा सौर पंपच बरा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ पासून आली आहे, तिची चौकशी जरूर करा. इंजिन हे अडीअडचणीच्या वेळचे साधन आहे. घरात कंदील भरून ठेवावा, तसे ते तयार ठेवायचे.

दुरुस्तीचा खर्च उघडण्याआधीच अंदाजा. ब्लॉकला किंवा पाण्याच्या जागेला तडा गेला असेल, अथवा क्रँक मोडली असेल, तर मोह सोडा. सुट्या भागांचे भाव दुकानातून लिहून आणा. एकूण खर्च नव्या इंजिनाच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर माझा सल्ला असा की ते भंगारातच द्यावे. दुरुस्तीसाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

घरी का दुरुस्त होते?

जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. आपल्याकडे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढे इंजिन खेडोपाडी, विहिरीविहिरीवर पोचले. शेतावरच्या या साध्या इंजिनांत ना प्लग, ना बॅटरी. सिलिंडरमध्ये हवा दाबली की ती तापते, त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि पेट घेतो.

म्हणून इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पुरता दाब, मोकळी हवा आणि स्वच्छ डिझेल. चालू होत नसेल तर या तिन्हींपैकी एकात खोट असते. ती शोधायला चार पाने, एक पक्कड आणि भरपूर धीर लागतो.

आधी पाहणी, मग पाना

पहिल्या दिवशी काहीही उघडू नका. इंजिन उजेडात आणा. हात घालण्याआधी काठीने खालची जागा झाडा, विंचू-साप तिथेच बसतात. धुराडे आणि हवेची जाळी साफ करा. टाकीतले जुने डिझेल काढून टाका. तळाशी पाणी आणि गाळ सापडेलच.

मग खालचे ऑइल एका घमेल्यात काढा आणि नीट बघा. दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. बोटावर चकचकीत कण लागले तर बेअरिंग झिजले आहे, ते मिस्त्रीला दाखवा. काढलेले ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

उघडताना प्रत्येक भागाचा मोबाईलवर फोटो काढा. त्या घरी हे काम अकरावीतल्या मुलाकडे होते. नट-बोल्ट त्याने वेगवेगळ्या डब्यांत ठेवले आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. जोडताना बाप-लेकांचे एकही भांडण झाले नाही, याचे श्रेय त्या चिठ्ठ्यांना.

फ्लायव्हील हलत नसेल तर

त्यांचे इंजिन जाम झाले होते. घरधनी पहार घेऊन आले, मी ती ठेवायला लावली. पहारीने जोर केला की रिंग तुटते किंवा लायनर खरडते. नोझल काढून त्या भोकातून थोडे डिझेल आणि थोडे ऑइल सिलिंडरमध्ये सोडा आणि चार-पाच दिवस तसेच राहू द्या. रोज सकाळी फ्लायव्हील हाताने पुढे-मागे हलवून पाहा. त्यांचे पाचव्या दिवशी सुटले. सुटल्यावर नोझल न बसवताच फ्लायव्हील फिरवून आतले तेल बाहेर जाऊ द्या. तोंड त्या भोकापासून लांब ठेवा. आत तेल राहिले आणि नोझल बसवून हँडल मारले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

दाब, हवा, डिझेल

आता दाब तपासा. दाब सोडायची कळ जागेवर ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवा. दाबाच्या जागी ते अडले पाहिजे आणि उसळून मागे आले पाहिजे. सहज फिरले तर दाब गळतो आहे. चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा फिरवा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तितकाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा आहे. रिंगा नव्या घालाव्या लागतात. व्हॉल्व्ह मात्र पेस्ट लावून घरीच घासून बसवता येतात. हेडचे नट एकदम आवळू नका. समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळा. टॅपेटची फट कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा.

हवेची जाळी धुवून घ्या. डिझेलचा फिल्टर नवा घाला, त्यात कंजुषी नको. नोझल मात्र पंप-नोझलच्या दुकानात तपासून आणा. फवारा धुक्यासारखा बारीक पडायला हवा. पिचकारीसारखी धार किंवा थेंब पडत असतील तर नोझल निकामी आहे. फवारा तपासताना त्यापुढे हात कधीही धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हातही गमवावा लागतो. तसे झाले तर हळद लावून घरी बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

शेवटी डिझेलच्या नळीतली हवा काढा. फिल्टरचा स्क्रू थोडा सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळा. पुष्कळ इंजिने नुसत्या या हवेपायी चालू होत नाहीत.

पहिले हँडल

नवे ऑइल भरा, थंड करायचे पाणी सुरू करा आणि मगच हँडलला हात लावा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. मूठ आवळून धरली आणि इंजिन उलटे उसळले, तर मनगट मोडते. जवळ एक सपाट लाकडी फळी ठेवा. इंजिन हाताबाहेर वेग घेऊ लागले तर डिझेल बंद करा. तरीही थांबले नाही तर हवेच्या तोंडावर फळी दाबा. हात किंवा फडके लावू नका.

पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय काम सुरू करू नका. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, पट्टा काहीच सोडत नाही. लेकरांना लांब ठेवा.

धूर पाहून रोग ओळखता येतो. काळा धूर म्हणजे भार जास्त, हवा कमी किंवा नोझल खराब. निळा म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर सुरुवातीचा थोडा वेळ ठीक, पण पुढेही राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी येते.

लगेच पूर्ण भार देऊ नका. आपल्याकडे तळेगाव दशासरला शंकरपट भरतो. वर्षभर दावणीला उभा असलेला बैल कोणी थेट पटात उतरवतो काय? इंजिनाचेही तसेच. पहिला अर्धा तास रिकामे चालवा, मग थोडे पाणी काढा. हेडचे नट थंड झाल्यावर पुन्हा तपासा. पहिले ऑइल लवकर बदला, कारण आतली सगळी घाण त्यात उतरते.

इशारा: इंजिन विहिरीत उतरवू नका

इंजिन चालू झाल्यावर घरधनी म्हणाले, "बाबा विहिरीतल्या ओट्यावर उतरवत होते. तसंच उतरवू." विहिरीच्या भिंतीवर जुनी काजळी अजून दिसत होती. मी स्पष्ट नाही म्हटले.

असे का करतात, त्याला कारण आहे. जमिनीवरचा पंप पाणी ओढतो ते साधारण ६ ते ७ मीटर, म्हणजे वीस-बावीस फुटांपर्यंतच. पाणी त्याखाली गेले की माणसे इंजिन खाली नेतात. पण इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत तो साठतो. खाली उतरलेल्या माणसाला डोके जड वाटते, पायातले बळ जाते आणि तो तिथेच कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग पोरगा उतरतो. एका विहिरीत एका घरातली दोन-तीन माणसे जातात, ती अशी.

कंदील उतरवून पाहिला आणि तो विझला नाही, म्हणून विहीर सुरक्षित आहे असे समजू नका. कंदील प्राणवायू कमी झाल्याचे सांगतो. हा विषारी वायू असला तरी कंदील जळतच राहतो. इंजिन बंद करून बराच वेळ झाला, हाही भरवसा नाही. तेव्हा इंजिन नेहमी काठावर, उघड्यावर चालवा. बंद खोलीत किंवा कोठ्यातही नको. कोणी आत पडलाच तर त्याच्यामागे उतरू नका. वरून दोर टाका, अग्निशमन दलाला आणि १०८ ला फोन करा.

त्यांच्या विहिरीत त्या वेळी पाणी १८ फुटांवर होते, म्हणून काठावरून काम झाले. फुटव्हॉल्व्ह नवा घातला, पंपाच्या ग्लँडची दोरी बदलली आणि ओढीच्या नळीचे सांधे घट्ट केले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की ते इंजिन थांबेल. थांबू द्या. माणसापेक्षा पाणी मोठे नाही.

पुन्हा पडून राहू नये म्हणून

चालण्याने इंजिन झिजते, पण पडून राहण्याने ते मरते. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास चालवा. पावसाळ्यात धुराड्यावर डबा पालथा घाला, चालवताना तो काढायला विसरू नका. टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दव धरत नाही. ऑइल बदलल्याची तारीख कोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा.

त्या घरी घाटे भरण्याच्या वेळी दोन एकर हरभरा दिवसाउजेडी ओलला. पहिल्या दिवशी इंजिनाचा ठोका सुरू झाला तेव्हा घरातली म्हातारी आजी काठी टेकत बाहेर आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि नातवाला म्हणाली, "आता रातचं जागू नका रे बाप्पा."

तुमच्याही कोठ्यात असे इंजिन असेल, तर भंगारवाल्याला आठ दिवस थांबवा. आधी नुसते फ्लायव्हील हलवून पाहा.