लिनक्स संगणकातील प्रदेश व भाषाविषयक पूर्वनिर्धारित मांडणी

लिनक्स प्रणाली बसविताना निवडलेली भाषा ही केवळ पडद्यावरील सूचनांपुरती मर्यादित नसते. दिनांकाची रीत, अंकांची विभागणी, चलन, कागदाचा आकार आणि अकारविल्हे क्रम या बाबीही तिच्याबरोबर ठरतात. या संचास ‘लोकेल’ असे म्हणतात.

अमेरिकी इंग्रजीचा लोकेल कायम राहिल्यास ६ मे हा दिनांक ०५/०६ असा उमटतो आणि भारतीय वाचक तो ५ जून समजतो. एक लाख ही संख्या १,००,००० ऐवजी १००,००० अशी दिसते. कागदाचा आकारही ए-४ ऐवजी लेटर असा गृहीत धरला जातो.

क्रमाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘सी’ या मूळ लोकेलमध्ये शब्द संकेतांकानुसार लागतात. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, मराठी वर्णमालेत मात्र त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे. परिणामी विद्यार्थ्यांच्या यादीत ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी लागते. परंपरेनुसार ते नंतर यावयास हवे.

यावर उपाय प्रणालीतच आहे. ‘लँग’ हे चल सर्वसाधारण मूल्य देते. ‘एलसी_टाइम’, ‘एलसी_पेपर’, ‘एलसी_कोलेट’ ही चले त्या त्या बाबीपुरती त्यावर मात करतात, तर ‘एलसी_ऑल’ सर्वांवर मात करते. म्हणूनच सूचना इंग्रजीत ठेवून दिनांक व कागद भारतीय पद्धतीचे ठेवता येतात. बदल साधारणतः पुन्हा प्रवेश केल्यावर लागू होतो.

सारांश, पूर्वनिर्धारित मांडणी तटस्थ नसते. महाविद्यालयीन अभिलेखांच्या अचूकतेसाठी ती प्रारंभीच तपासणे आवश्यक ठरते.