पॅलिओची काच

माझ्या फियाट पॅलिओची पुढची डावी काच कुणी दगड मारून फोडली नाही. ती दाराच्या पोटात फुटली. काच वर-खाली करणारं मशीन अडकत होतं म्हणून गाडी घराजवळच्या एका गॅरेजात दिली होती. तिथल्या पोरानं दाराचं पॅड उतरवलं, आत हात घालून एक बोल्ट सोडला, मग दुसरा सोडला, आणि काच सरळ खाली गेली. आवाज फार मोठा नव्हता; पोत्यातून खडीसाखर ओतावी तेवढाच. पोरगं माझ्याकडे बघत राहिलं, मी त्याच्याकडे. पैसे कुणी भरायचे यावर पुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही.

पॅलिओ भारतात २००१ साली आली. सचिन तिच्या जाहिरातीत होता, तिची दारं तिजोरीसारखी जड होती, आणि पेट्रोल ती पाण्यासारखी प्यायची. आता तिची नवी काच मागितली की दुकानदार आधी गाडीचं आणि मग आपलं वय विचारतो. "दुसऱ्या गाडीची मोठी काच घ्या आणि मापात कापून घ्या," असा सल्ला मला तिघांनी दिला. तिघांनाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. दाराची काच कापता येत नाही. तिला आकार, बाक, भोकं, जे काही द्यायचं ते आधीच द्यावं लागतं. मग ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारतात. वरची कातडी आधी घट्ट होते, आतला गाभा नंतर निवतो आणि आक्रसताना कातडीला आत ओढून धरतो. या ओढाताणीमुळेच ती मजबूत होते. पण करवत किंवा हिरा लावायला गेलात, तर आत कोंडलेला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि अख्ख्या काचेचे दाणे होतात. समोरची काच वेगळी असते. तिच्यात दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, म्हणून तिला तडा जातो पण ती जागेवर राहते. दाराच्या काचेला तडा जाणं माहीत नाही. ती एक तर अख्खी असते, नाही तर नसतेच.

म्हणजे पॅलिओला पॅलिओचीच काच हवी. गेलो कुर्ल्याला.

कुर्ला हे तिचं माहेर म्हणायला हरकत नाही. प्रीमियर मोटारींचा कारखाना इथलाच. आधी फियाट ११००, मग पद्मिनी, आणि शेवटी शेवटी पॅलिओही याच आवारातून बाहेर पडली. कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलं. तिथून थोड्या अंतरावर सीएसटी रोडच्या बाजूच्या गल्ल्यांत जुन्या गाड्या सुट्या होतात. जिथे जोडली गेली तिथेच सुटी व्हायला आलेली गाडी बघून मला उगीचच कालवाकालव झाली. तिथे काम करणाऱ्यांना तसलं काही होत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

माझी गाठ पडली ती साठीच्या आसपासच्या एका चाचांशी. त्यांच्या ताडपत्रीखाली एक चंदेरी पॅलिओ विटांवर उभी होती. चाकं गेलेली, तोंड चेपलेलं, बॉनेट कागदासारखं मुडपलेलं. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि वाकून प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला छाप बघितला. सगळीकडे एकाच कंपनीचा. "आगे से ठुकी है, बाजू से कभी नहीं," ते म्हणाले. एखाद्या काचेवर वेगळा छाप निघाला असता तर ती कधीतरी बदललेली, म्हणजे त्या बाजूला कधीतरी काहीतरी घडलेलं. जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. काचेचे कोपरे वाचायचं मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

बाराशेवर सौदा ठरला. अट एकच: काच अख्खी निघाली तर पैसे, फुटली तर त्यांची. आणि मी हात लावायचा नाही.

पॅडचे स्क्रू निघाले. कडेनं चपटा पेचकस सरकवत त्यांनी एकेक क्लिप टक्‌ टक्‌ उडवली. शेजारी एक मुलगा मारुतीचं काच फिरवायचं हॅंडल काढत होता. हॅंडलच्या मागे जुनी चिंधी घालून, बूट पॉलिश करतात तशी ती इकडून तिकडे ओढत होता. आतली तारेची क्लिप चिंधीत अडकून उडाली आणि हॅंडल हातात आलं. पॅलिओच्या पुढच्या काचा बटणाच्या, म्हणून आमच्याकडे हा खेळ नव्हता. पॅडखाली प्लास्टिकचा कागद, काळ्या चिकट्यानं डकवलेला. चाचांनी तो फाडला नाही, सोलला. पत्र्यातली मोठी भोकं दिसू लागली.

गाडीला बॅटरी नव्हती. चाचांनी स्कूटरची बॅटरी आणली, मोटरच्या प्लगला दोन वायरी टेकवल्या. काच घुरघुरत वर गेली. वायरींची अदलाबदल केली, तशी खाली आली. थोडी टेकवायची, थांबायचं, बघायचं. अर्ध्याच्या खाली आल्यावर मशीनची काचेवरची पकड भोकात दिसली आणि चाचांनी वायरी बाजूला टाकल्या.

आमच्या गॅरेजातल्या पोरानं पान्याला हात घातला होता तो याच जागी. चाचांनी पान्याला हातच लावला नाही. आधी लाकडाची एक पातळ पाचर काच आणि दाराच्या ओठामधे दाबली. मग डावा पंजा काचेच्या वरच्या कडेखाली, बाहेरच्या अंगानं, सपाट टेकवला, आणि तो पुढचा सगळा वेळ तिथून हलला नाही. उजव्या हातानं दहाची गोटी लावली. पहिला बोल्ट सुटला. दुसरा सुटताना डाव्या मनगटाची शीर जराशी वर आली. काचेचं वजन मशीनवरून हातावर आलं, ते मला तिथे दिसलं. काच कणभरही खाली गेली नाही.

मग आतली-बाहेरची रबरी पट्टी उपसली. त्यानंतरचा भाग मी श्वास रोखून बघितला. काच सरळ वर ओढली तर चौकटीत अडते. चाचांनी तिचं पुढचं टोक दारात खाली घातलं, मागचं वर उचललं, आणि लहान पोराच्या अंगातून घट्ट स्वेटर काढताना आधी एक बाही सोडवतात तशी मागची बाजू रबरातून मोकळी करून ती बाहेरच्या अंगानं तिरकी काढून घेतली.

हातात आल्यावर दिसलं, तळाशी चार बोटं रुंदीची काळी फिल्म अजून चिकटलेली आहे, वयानं जांभळी पडलेली. २०१२ च्या एप्रिलमधे सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवरच्या फिल्मवर बंदी आणली. तेव्हा या गाडीच्या मालकानं काच वर करून दिसली तेवढी फिल्म खरवडली असणार. रबराच्या खाली होती ती राहिली. हवालदाराला जेवढं दिसतं तेवढाच कायदा.

चाचांनी मधोमध मुठीनं दणका दिला. मी दचकलो, काच नाही. मग पेचकसाचं टोक कडेपासून वीतभर लांब धरून ते म्हणाले, "यहाँ लगा, तो खतम." कडेवरचा एक टवका आतल्या ताणापर्यंत पोचला की पुरतो. म्हणून त्यांच्याकडे काचा कधी आडव्या ठेवत नाहीत. जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर, मधे पुठ्ठे घालून, उभ्या.

रिकाम्या दाराच्या तळात चाचांनी बोटं फिरवली. पाणी वाहून जायची भोकं मातीनं बुजलेली. कडुलिंबाची वाळकी पानं, एक केसांची पिन, शाई उडालेली पावती आणि चार आण्याचं एक नाणं. ते २०११ मधेच चलनातून गेलं. चाचांनी नाणं पँटीला पुसलं आणि मला दिलं. "काच के साथ फ्री."

टॅक्सीनं घरी, नेरुळला जायचं म्हणजे काचेएवढेच पैसे. काच चादरीत गुंडाळून हार्बर लोकलच्या लगेज डब्यात चढलो. खालची कड माझ्या बुटांवर, वरची छातीशी. माशांच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी वाशीपर्यंत ते गाठोडं न्याहाळलं.

"आरसा हाय का, दादा?"

"नाही मावशी, खिडकी आहे."

त्यांनी डब्याच्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपली पायानं जरा आत ओढून घेतली.