परक्या मुलखात मूल भाजले, पडले तर...

पेणचे गणपती कित्येक वर्षे परदेशी जात आले आहेत. आता पेण-रोह्याची मुलेही जाऊ लागली आहेत. पूर्वी दुबई, मस्कत, मग अमेरिका आणि अलीकडे जर्मनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. तेव्हापासून जर्मन भाषेच्या ए-वन, ए-टू, बी-वन या पायऱ्या माझ्या दवाखान्यातल्या बाकावरही ऐकू येतात. लेकीबरोबर, सुनेबरोबर लहान नातवंडेही जातात. आजचा लेख त्यांच्यासाठी आणि इथे मागे राहिलेल्या आजी-आजोबांसाठी.

एका हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. रोह्याच्या एका आजींचा फोन आला. "डॉक्टर, जर्मनीत नातीने अंगावर चहा ओढून घेतलाय. लेक नुसती रडतेय. मी टूथपेस्ट लावायला सांगितली. बरोबर ना?"

मी म्हटले, "आजी, टूथपेस्ट नको. आधी मला तिचा नंबर द्या."

तिथे संध्याकाळचे सात वाजले होते. नवरा पाळीवर, घरात आई आणि दोन वर्षांची मुलगी. आई टेबलावर जर्मनचे पुस्तक उघडून बसली होती, शेजारी चहाचा कप होता. मुलीने टेबलक्लॉथ ओढला. छाती आणि डावा हात भाजला.

या आईला तिच्या लहानपणी मीच गोवराची लस टोचली होती. मी तिला म्हटले, "मुलीचे ओले कपडे काढ, नळ सोड आणि ११२ ला फोन कर." पाणी तिने लगेच सोडले. फोनचे नाव काढताच मात्र ती थबकली. "डॉक्टरकाका, माझं जर्मन अजून ए-टूच आहे. डेर, डी, डास चुकतं. त्यांना कळलं नाही तर?"

वाचकहो, मला या वाक्याची काळजी वाटली. पोळलेल्या कातडीवर उपाय होता. पण भाषा चुकेल या लाजेने ती मदत मागत नव्हती. तिने पहिला फोन रोह्याला केला, कारण तिथे मराठीत रडता येत होते. त्यात आठ-दहा मिनिटे गेली.

मी म्हटले, "बाळ, चुकू दे. पत्ता सांग, मुलीचे वय सांग आणि 'गरम चहा' एवढेच म्हण." तिने तसे केले. रस्ता आणि घर नंबर, मग "किंट, त्स्वाय यारे, हाइसर टे". म्हणजे मूल, दोन वर्षे, गरम चहा. क्रियापद एकही नव्हते. रुग्णवाहिका आली. मुलगी दोन रात्री रुग्णालयात राहिली. आज हातावर फिकट डाग आहे, बाकी ती ठणठणीत आहे.

आधी पाणी, मग फोन

भाजल्यावरचा प्रथमोपचार पेणमध्ये जो, तोच जर्मनीत. भाजलेला भाग साध्या गार वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस यातले काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते, घाण आत राहते आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. गरम द्रवाने भिजलेले कपडे लगेच काढावेत, मात्र कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. लहान मूल लवकर गारठते, म्हणून पाणी फक्त भाजलेल्या जागेवर आणि बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे. नंतर स्वच्छ कापड सैल झाकावे. फोड फोडू नयेत. मुलाच्या स्वतःच्या तळव्यापेक्षा मोठी जागा भाजली असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, जननेंद्रिय भाजले असेल, तर रुग्णालय गाठावेच.

गिफ्ट म्हणजे विष!

आपण वाढदिवसाला 'गिफ्ट' देतो. जर्मन भाषेत मात्र 'गिफ्ट' म्हणजे विष. बाटलीवर हा शब्द दिसला तर ती मुलाच्या हाती लागता कामा नये. तिथे विषबाधेचा सल्ला देणारी केंद्रे आहेत, त्यांच्या फोनला 'गिफ्टनोटरूफ' म्हणतात. बर्लिनचा क्रमांक ०३० १९२४०, तर बाडेन-व्युर्टेंबर्गसाठी फ्रायबुर्गचा ०७६१ १९२४०. मुलाने भांडी धुण्याच्या यंत्राची गोळी, फरशीचे औषध किंवा आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तोंडात घातल्या, की हा फोन करावा. मूल बेशुद्ध असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर मात्र थेट ११२.

आपल्याकडे हाच प्रकार वेगळ्या वेषात येतो. गणपतीच्या कारखान्यात थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतात आणि तहानलेले पोर ती तोंडाला लावते. दोन्हीकडे नियम एकच. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. थिनर किंवा रॉकेल उलटताना फुप्फुसात गेले तर जास्त धोका. बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे.

घड्याळ, खेळणी, रिमोट यांतला बटनसारखा चपटा सेल गिळला तर "शौचावाटे पडेल" म्हणून वाट पाहू नये. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजते. तातडीने रुग्णालय गाठावे.

घास अडकला, डोके आपटले

शेंगदाणा, द्राक्ष घशात अडकले आणि मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, श्वास येत नसेल तर पालथे धरून, डोके खाली ठेवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने भागले नाही, तर एक वर्षाच्या आतील मुलाला छातीच्या मध्यावर पाच दाब. मोठ्या मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके आत आणि वर. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नये, घास आणखी आत जातो.

मूल पडून डोके आपटले आणि लगेच रडून पुन्हा खेळू लागले, तर घरी लक्ष ठेवावे. बेशुद्धी, वारंवार उलट्या, झटके, उठवून न उठणे, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, यातले एकही लक्षण दिसले तर थांबू नये.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

लसीकरणाचे कार्ड हातातल्या बॅगेत ठेवावे. मार्च २०२० पासून जर्मनीत बालवाडीत मूल घालताना गोवराची लस घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. तापाचे औषध इथल्या चमच्याच्या हिशोबाने देऊ नये. तिथल्या बाटलीतले प्रमाण वेगळे असू शकते, आणि लहान मुलांना तिथे तापासाठी गुदद्वारात ठेवायची गोळीही सर्रास देतात. मुलाचे वजन सांगून डोस विचारावा.

११२ हा क्रमांक जर्मनीतच नव्हे, युरोपीय संघाच्या सर्व देशांत चालतो आणि फुकट आहे. जीवावरचे नसेल आणि दवाखाने बंद असतील तर जर्मनीत ११६११७ वर डॉक्टरांची सोय विचारता येते. आपल्याकडेही ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात घराचा पत्ता, मुलाचे नाव, वय, वजन, ॲलर्जी लिहावी. खाली हे शब्द देवनागरीत : फेरब्रांट (भाजले), गेफालन (पडले), फेरश्लुक्ट (गिळले), काइने लुफ्ट (श्वास नाही), बेवुस्टलोस (बेशुद्ध), बिटे लांगझाम (कृपया सावकाश). कागद फ्रिजवर चिकटवावा. आणि आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचावा, कारण घाबरलेल्या माणसाला वाचताही येत नाही.

भाषेची फार भीती बाळगू नये. इंग्रज माणूस डेर, डी, डास पाहून गोंधळतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेच. 'डास किंट' म्हणजे सरळ 'ते मूल'. जर्मन माणूस पंचविसाला 'पाच आणि वीस' म्हणतो, तसे आपणही पाच आधी आणि वीस नंतरच बोलतो.

आजी-आजोबांना एक विनंती. रात्री तिकडून रडका फोन आला, तर उपाय सांगण्याआधी एवढेच विचारा, "११२ ला फोन केलास का?" नसेल, तर तुमचा फोन ठेवा आणि तिला तो करू द्या. रोह्याच्या त्या आजी आता हेच सांगतात. त्यांच्या लेकीने अलीकडेच बी-वन परीक्षा दिली. डेर आणि डी अजूनही चुकते म्हणाली. मी म्हटले, चुकू दे.