चांद्रयुग आणि जॅझचे सूर

विसाव्या शतकात अमेरिकेने जगाला जे दिले, त्यात जॅझ संगीत आणि चंद्रावर पडलेले मानवाचे पहिले पाऊल या दोन गोष्टींची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. पहिलीचा जन्म न्यू ऑर्लीन्स शहराच्या दरिद्री वस्त्यांत, गुलामांच्या वंशजांच्या कंठांतून आणि वाद्यांतून झाला. दुसरीच्या पाठीशी एका बलाढ्य राष्ट्राचे शासन, विज्ञान आणि सुमारे २,५०० कोटी डॉलरचा खर्च उभा होता. वरकरणी या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध दिसत नाही. परंतु एकच प्रश्न दोन्हींच्या इतिहासातून पुनःपुन्हा डोके वर काढतो. राष्ट्राच्या पराक्रमात त्या राष्ट्रातील उपेक्षितांचा वाटा कितपत मानला जातो, हा तो प्रश्न होय. त्याचा मागोवा घेत गेल्यास आपण छत्तीसगडातील खेड्यांपाशी आणि गोमंतकातील केरी या गावापाशीही येऊन पोहोचतो.

जॅझ म्हणजे काय, हे भारतीय श्रोत्याला समजावून सांगणे तितकेसे कठीण नाही. ख्यालगायनात बंदिश लहान असते. तिचा विस्तार गायक मैफलीतच, त्या क्षणाच्या स्फूर्तीने करतो. जॅझमध्येही ठरलेली धून थोडकीच असते आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो वाजविणारे कलावंत पाळीपाळीने तिचा उत्स्फूर्त विस्तार करतात. एकाने साद घालावी आणि इतरांनी प्रतिसाद द्यावा, ही आफ्रिकेतून आलेली रीत या संगीताच्या मुळाशी आहे. रायपूरच्या परिसरात ज्यांनी पंडवानी ऐकली असेल, त्यांना मुख्य गायकाला हुंकार देणारा ‘रागी’ येथे सहज आठवेल. भेद आहे तो मुख्यत्वे अनेक स्वर एकाच वेळी मेळवून वाजविण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीचा. हा नाद मराठी घरांत आला तो चित्रपटांच्या द्वारे. १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटाच्या गाण्यांत सी. रामचंद्र यांना चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाची साथ लाभली होती.

आता १९५७ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतील लिटल रॉक या गावी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळू नये म्हणून राज्यपालाने सशस्त्र सैनिक उभे केले. जॅझचा अग्रणी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याला आपला सांस्कृतिक दूत म्हणून सोव्हिएत रशियात पाठविण्याचा अमेरिकन शासनाचा बेत होता. लिटल रॉकची वार्ता ऐकून त्याने शासनाची कठोर निर्भर्त्सना केली आणि जाण्याचे नाकारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ ऑक्टोबर रोजी, रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अंतराळात सोडला. अमेरिका मागे का पडली, याची चर्चा सर्वत्र सुरू झाली.

विख्यात जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टन याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या एका लेखात दिले. तो लेख त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. त्याचे प्रतिपादन साधे होते. वाद्यवृंदात सूर जुळतो तो प्रत्येक वादकाला स्थान मिळते आणि सर्वजण एकमेकांचे ऐकतात म्हणून. वर्णभेदाने ज्या राष्ट्राने आपलीच माणसे दूर सारली आहेत, त्याचा सूर अंतराळाच्या शर्यतीत कसा जुळावा? हे म्हणणे केवळ कलावंताचे कल्पनारंजन नव्हते. व्हर्जिनियातील लँगली येथील संशोधनकेंद्रात विमानांची आणि पुढे अंतराळयानांची गणिते करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया १९५८ पर्यंत वेगळ्या कक्षात बसत होत्या. त्यांच्यापैकी कॅथरिन जॉन्सन यांनी १९६२ साली जॉन ग्लेनच्या पृथ्वीप्रदक्षिणेची आकडेमोड पडताळून पाहिली. खुद्द ग्लेननेच तसा आग्रह धरला होता.

चांद्रयुग प्रत्यक्ष अवतरले तेव्हा जॅझचे सूर त्याच्या सोबतीला होते. चंद्राकडे उडून जाण्याची कल्पना असलेले, बार्ट हॉवर्डने १९५४ साली लिहिलेले ‘फ्लाय मी टू द मून’ हे प्रेमगीत फ्रँक सिनात्राने १९६४ साली काउंट बेसीच्या जॅझवृंदासह गायिले. मे १९६९ मध्ये चंद्राभोवती फिरून आलेल्या ‘अपोलो १०’ च्या प्रवाशांनी ते यानात वाजविले. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, त्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एलिंग्टनने या प्रसंगासाठी रचलेली ‘मून मेडन’ ही नवी रचना सादर केली.

परंतु हा आनंद सर्वांचा नव्हता. यान सुटण्याच्या आदल्या दिवशी, १५ जुलै रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अबरनॅथी दरिद्री कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना बरोबर घेऊन प्रक्षेपणस्थळी गेले. एका अंतराळवीराच्या दिवसाच्या अन्नाला बारा डॉलर लागतात, भुकेल्या मुलाचे पोट आठ डॉलरांत भरता येईल, असा हिशेब त्यांच्या फलकावर मांडलेला होता. ‘नासा’चे प्रमुख टॉमस पेन त्यांना स्वतः सामोरे गेले. कळ न दाबल्याने दारिद्र्य हटणार असते, तर आपण ती दाबली नसती, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढच्याच वर्षी गिल स्कॉट-हेरॉन या तरुण कवीने ढोलांच्या तालावर एक उपरोधिक कविता म्हटली. घरी बहिणीला उंदीर चावला आहे, औषधाला पैसा नाही आणि गोरे लोक चंद्रावर आहेत, असा तिचा विषय होता.

हा वाद आपल्याला परका नाही. ‘इस्रो’ची स्थापना चांद्रविजयानंतर महिन्याच्या आतच, १५ ऑगस्ट १९६९ रोजी झाली, आणि दरिद्री देशाला अवकाश-संशोधन हवे कशाला, असा प्रश्न येथेही विचारला गेला. विक्रम साराभाई यांचे उत्तर असे होते की, प्रगत तंत्रविद्या समाजाच्या खऱ्याखुऱ्या अडचणींसाठी राबविली, तरच तिला अर्थ आहे. या विचाराची कसोटी छत्तीसगडातही लागली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘नासा’च्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत रायपूर परिसरातील गावेही होती. चंद्रावर माणूस पाठविणाऱ्या विद्येचा एक धागा असा थेट गावच्या चावडीपर्यंत आला.

१९७७ साली ‘नासा’ने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने सोडली: दुसरे २० ऑगस्टला आणि पहिले ५ सप्टेंबरला. सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या या यानांवर, कधीकाळी कोणा बुद्धिमान जीवाच्या हाती पडेल या आशेने, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक ध्वनिमुद्रिका बसविण्यात आली. कार्ल सेगन यांच्या मंडळाने तिच्यासाठी पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने निवडले. ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे. बाख आणि बीथोव्हेन यांच्या जोडीला लुई आर्मस्ट्राँगची १९२७ सालची ‘मेलन्कली ब्लूज’ आहे. त्याच वर्षी मुद्रित झालेले, टेक्ससमधील अंध गायक विली जॉन्सनचे शब्दाविना गुणगुणणेही आहे. जॉन्सन १९४५ साली दारिद्र्यातच मरण पावला होता.

भारतातर्फे या मुद्रिकेत एकच आवाज आहे: सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली होती. केसरबाईंचा जन्म १८९२ साली केरी येथे, गोमंतकातील कलावंत समाजात झाला. या समाजातील स्त्रियांचे गाणे लोकांना हवे असे, परंतु प्रतिष्ठितांच्या पंक्तीत त्यांना स्थान नसे. अल्लादिया खाँ यांच्यापाशी वर्षानुवर्षे कठोर साधना करून केसरबाईंनी आपले स्थान स्वतः मिळविले. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. पहिले ‘व्हॉयेजर’ सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्या निवर्तल्या.

चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. लुईचा ट्रम्पेट आणि केसरबाईंची भैरवी घेऊन जाणाऱ्या पहिल्या यानाने २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याचे क्षेत्र ओलांडले. आज ते सुमारे २,५०० कोटी किलोमीटरांवर आहे. या ध्वनिमुद्रिकेने अबरनॅथींच्या प्रश्नाचे उत्तर दिले, असे मात्र म्हणता येणार नाही. भुकेल्याची भूक सन्मानाने भागत नाही. तिने एवढेच सिद्ध केले की, साऱ्या मानवजातीच्या वतीने बोलणारा आवाज निवडण्याची वेळ आली, तेव्हा विद्वानांना ज्या वस्त्यांकडे आणि ज्या घरांकडे वळावे लागले, त्यांत समाजाने एके काळी उंबऱ्याबाहेर ठेवलेली घरेही होती. मुद्रिका वाजविण्यासाठी सुईही यानासोबत पाठविलेली आहे. अंतराळात तिला श्रोता भेटेल की नाही, हे काळच जाणे. तिच्यातील आवाज ऐकण्याची आणि ते कोठून आले याचे स्मरण ठेवण्याची सोय मात्र पृथ्वीवर आजच उपलब्ध आहे.